तेरा विसांचं बाळ

माझी वहिनी मिकाएला चाळीस वर्षं सुईणपण करत आली आणि पंचेचाळीस वर्षं माझं डोकं खात आली. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं आमच्या डोंगरात कुणी नाही. सगळं गाव तिला नान म्हणतं, थोरल्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. मी आपली वहिनीच म्हणते. मी रोसेंदा, तोतोनिकापानच्या बाजारात तमाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, विकते आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सुईणपण वहिनीनं काही हौसेनं घेतलेलं नाही. आमच्या पंचांगात वीस दिवस, वीस नावं. ती जन्मली तो दिवसच सुईणींचा. ज्याच्या दिवसानं जे काम दिलं, ते त्यानं करायचं. लग्न झाल्यावर तिनं एकदा "मला नाही जमणार" म्हणून बघितलं. पाय सुजले, दोन वर्षं अंथरुणाला खिळली. कुणाचं तरी बाळ अडलं म्हणून तिला उचलून नेली, बाळ हातात आलं, आणि ही बया चालत घरी आली. पटत नसेल तर सोडून द्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तिच्या कोनाड्यात एक कापडी पिशवी आहे. प्रत्येक बाळामागे मक्याचा एक दाणा. मुलगी झाली की पांढरा, मुलगा झाला की पिवळा, आणि बाळ गेलं की काळा. पांढऱ्या-पिवळ्यांचे ती वीस-वीसचे ढीग करून मोजते. काळे न मोजता सांगते. अकरा.

मागच्या वर्षी आरोग्य केंद्रातून निरोप आला. सुईणीचं कार्ड पुढं चालू ठेवायचं असेल, तर जन्माची नोंद स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरवर भरता आली पाहिजे. तोवर ती तोंडानं सांगायची, केंद्रातले नर्स दॉन ओविदिओ (दॉन म्हणजे आपलं राव) लिहायचे, ही शाईचा अंगठा उठवायची. कार्ड नसलं तर इस्पितळाच्या दारातून आत सोडत नाहीत, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर तुरुंग. म्हणजे काम केलं तर सरकार धरणार, नाही केलं तर दिवस धरणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मग आम्ही दोघी चर्चच्या मागच्या खोलीत, प्रौढांच्या वर्गाला जायला लागलो. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी. शिकवायला सेन्यो येसेनिया, बावीस वर्षांची पोर; मास्तरीणबाईंना आमच्याकडे सेन्यो म्हणतात. मी लहानपणी तिसरीपर्यंत गेले होते, त्यामुळे तिथं माझा काय रुबाब! वासरात लंगडी गाय शहाणी.

पोटातलं आडवं मूल नुसत्या तळव्यांनी सरळ करणारी बाई, पण त्या माउसवर हात ठेवायची आणि लगेच मागे घ्यायची.

"नान, दाबा ना, चावत नाही तो," सेन्यो म्हणायची.

"चावत नाही गं, पण ऐकतही नाही मेला!"

सगळा वर्ग हसायचा. ती नाही हसायची. घरी येऊन वाफेच्या न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं स्वतःचं नाव गिरवायची. मिकाएला चाक्लान. ओळ वर चढायची, पुसायची, पुन्हा लिहायची. "अगं, साठीत कुणाला चिठ्ठ्या लिहायच्यात तुला?" म्हणून मी चिडवायचे. पण खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटायचा, आणि थोडा रागही यायचा, कारण माझ्यात तेवढी चिकाटी नाही.

मार्चमध्ये इउलालियाला मुलगी झाली. सून म्हणून आमच्या गावात आलेली एकोणीस वर्षांची पोरगी, पहिलंच बाळंतपण. बाळ असं खणखणीत रडलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली. पिशवीत पांढरा दाणा पडला, आणि गुरुवारी वहिनी पहिल्यांदा स्वतः नोंद भरायला बसली. आईचं नाव, बापाचं नाव, वाडी, तारीख, एकेक अक्षर शोधून दाबत गेली. मध्येच एका चौकोनापाशी अडली.

"रोसेंदा, इथं काय विचारतोय हा?"

मी वाकून पाहिलं. गर्भाचं वय. त्याच्याखाली करड्या रंगात आणखी काहीतरी बारीक लिहिलं होतं. माझे तमाल घरी चुलीवर होते.

"पोटात किती होतं ते. आकडा टाक नुसता, चल."

तिनं बोटांवर मोजलं आणि तेरा लिहिलं. मलाही ते बरोबरच वाटलं. तेरा विसा, म्हणजे दोनशे साठ दिवस भरले की बाळ बाहेर येतं, वीस नावांचे तेरा फेरे होऊन पंचांग पुन्हा त्याच दिवसावर येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सेन्यो दुसऱ्या टोकाला कुणाला तरी शिकवत होती. वहिनीनं बटण दाबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, गोड पाव वाटले.

चाळीस दिवस झाले आणि इउलालिया बाळाला पाठीशी बांधून नोंदणी कचेरीत नाव लावायला गेली. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "बाई, तुमचं बाळ तेराव्या आठवड्यातच गेलंय." पाठीवर पोर रडतेय, आणि हा म्हणतो गेलंय. वर विचारतो, "मग हे कुणाचं? कुठून आणलंत?" बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोहोचली. संध्याकाळपर्यंत बायका तिच्याकडे वळून बघायला लागल्या. पोरीनं दार लावून घेतलं.

दॉन ओविदिओंनी वहिनीला बोलावलं. मी सोबत गेले. माणूस वाईट नाही, तीस वर्षं आमच्या घरी कॉफी पितोय. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि करड्या अक्षरांवर बोट ठेवलं. आठवड्यांत लिहा, असं होतं तिथं. तेरा आठवड्यांचं बाळ जगत नाही, म्हणून त्या यंत्रानं ते गेलेलं धरलं होतं.

वहिनीनं त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं. "म्हणजे या पेटीत तिचा दाणा काळा पडला?"

"हो, नान."

"मग पांढरा करा."

"तसं होत नाही." त्यांनी आवाज खाली केला. "ऐका माझं. बाळंतिणीनंच चुकीचं सांगितलं, असं लिहू. चौकशी तिची होईल, चार खेटे घालील, तुमचं कार्ड राहील. नाहीतर तुम्ही लिहून द्या, की मला वाचता आलं नाही, चूक माझी. पोरीचं नाव सोमवारी लागेल. पण मग कार्ड मला वर पाठवावं लागेल, आणि ते परत येणार नाही."

मी टेबलापाशी सरकले. "अहो, मी सांगितलं तिला आकडा टाक म्हणून! माझं नाव लिहा!"

"नोंदीवर तुमचं नाव नाही, रोसेंदाबाई."

"गप बस गं," वहिनी म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "चाळीस वर्षांत मी बाळंतिणीवर काही ढकललं नाही. लिहा."

त्यांनी लिहिलं, आणि सवयीनं शाईची डबी पुढं सरकवली. तिनं ती परत सरकवली.

"पेन द्या. आणि थांबा, आधी वाचू द्या."

अक्षराखाली बोट धरून तिनं तो कागद वाचला. वरून सुरुवात केली आणि पार तळाच्या बारीक ओळीपर्यंत गेली. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. दॉन ओविदिओ खिडकीबाहेर बघत बसले. मग तिनं सही केली. मिकाएला चाक्लान. ओळ अगदी सरळ आली. कार्ड तिनं स्वतःच कमरपट्ट्यातून काढून टेबलावर ठेवलं.

सोमवारी बाळाचं नाव लागलं. बुधवारी वरच्या वाडीतला एक माणूस धावत आला, बायकोच्या कळा सुरू झाल्या होत्या. "नान! नान!" वहिनी उठली, शालीला हात घातला आणि पुन्हा खाली बसली. दारात जाऊन नाही म्हणायचं काम मी केलं.

तेव्हापासून तिचे पाय सुजायला लागलेत. डॉक्टर म्हणतात वयानं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, आणि मी शेक देत बसते. काल न राहवून म्हटलं, "वहिनी, एकदा तरी शिव्या दे मला."

"तुला कशाला? मला वाचता आलं नाही, तू काय करशील?"

तिला येत नव्हतं हे खरंच. मला येत होतं.