शेवटाकडून शिकलेलं लग्न

मुरबाडच्या एका कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि तो पुढे ढकलायचा, हे माझं काम. इतक्या वर्षांत माझा एकही क्रमांक मागेपुढे झालेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

आम्ही राहतो शहापुरात. नवरा वाशिंदच्या कारखान्यात पाळीवर, मुलगी सातवीत आणि मला छंद. छंद हा शब्द आमच्या घरात आता कोणी साध्या आवाजात उच्चारत नाही. क्रोशाचं तोरण दाराच्या मध्यापर्यंत विणून झालं आणि तिथेच थांबलं. ते तसंच अर्ध्या दारावर लटकतंय. कीबोर्ड आणला, त्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतो. पलंगाखाली अळिंबी लावली होती. ती पिशवीत उगवली नाही, नवऱ्याच्या पावसाळी बुटात मात्र काहीतरी उगवलं. त्यानंतर तो नव्या छंदाची बातमी कानावर आली की आधी बूट उचलून माळ्यावर ठेवतो.

माझी बाजू कोणी ऐकून घेत नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, तीन डबे भरायचे, पोरीची वेणी घालायची, तिला स्कूटरवर बसवून सापगावच्या पुढे शाळेत सोडायचं आणि तिथून तडक मुरबाड गाठायचं. संध्याकाळी हेच सगळं उलट. ज्या बाईला आंघोळीलाही घड्याळ बघावं लागतं, तिचं तोरण अर्धं राहणार नाही तर काय होणार? माझ्या मालकीचा म्हणावा असा दिवसातला वेळ एकच, स्कूटरवरचा. म्हणून मी ठरवलं की पुढचा छंद स्कूटरवर बसून करता येणारा हवा.

तो सापडला कचेरीतल्या शिपाईभाऊंच्या पुतणीच्या लग्नात. आमच्याकडच्या जुन्या घरांमध्ये लग्नाला भटजी लागतो तशी धवलारीण लागते. मांडव घालणं, हळद दळणं, हळद लावणं, पोरीची पाठवणी, प्रत्येक कामाचं ठरलेलं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. तो धवलारणीनं म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. लग्नाचं आवक-जावकच म्हणा ना. त्या दिवशी मांडवाच्या खांबाला टेकून एक सत्तरीची आजी गात होती, आणि तिचा आवाज असा होता की मी हातातलं ताट घेऊन उभीच राहिले. भात गार झाला. मला तेव्हाच वाटलं, आयुष्यात एकदा आपणही असं मांडवात बसून गायचं. सगळे धवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि हे अर्धवट सोडायचं नाही. बाकीचं सगळं सोडलं, हे नाही.

आजीचा पाडा मुरबाड रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला. दर रविवारी जायचं ठरलं. नवरा रात्रपाळी करून झोपलेला असायचा, म्हणून पोरीलाही न्यावं लागे. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मम्मी, इथे नेटवर्क नाही." दुसऱ्या रविवारी म्हणाली, "मम्मी, इथे खरंच नेटवर्क नाही." तिसऱ्या रविवारपासून काही बोलली नाही. मला वाटलं, कंटाळून गप्प झाली असेल.

आजीची शिकवायची पद्धत एकच होती. हातात काम असल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. "रिकाम्या हाताचा धवला नसतो गो बाय," म्हणायची, आणि तांदळाचं सूप पुढे करायची. मी काही कमी हुशार नव्हते. मी सूप घ्यायची, हळूच पोरीच्या हातात सरकवायची आणि फोन काढून रेकॉर्डिंग लावायची. आजी एका रविवारी एक धवला म्हणायची. मांडवापासून सुरुवात केली होती, पाठवणीपर्यंत पोहोचायला हिवाळा संपला. प्रत्येक वेळी माझं सगळं लक्ष बॅटरी किती उरली आणि मध्येच कोंबडा ओरडला तर काय, यावर. पोरगी तिकडे सुपात तांदूळ पाखडत असायची, नाहीतर आजीबरोबर जात्याला हात लावत असायची.

मग माझा स्कूटरवरचा अभ्यास सुरू झाला. फोन पुढच्या खणात, आवाज पूर्ण मोठा. यादीतलं सगळ्यात वरचं गाणं लावलं की पुढची आपोआप लागत जायची. हेल्मेटमध्ये आवाज छान घुमतो, त्यामुळे माझा माझ्याविषयी फार चांगला समज झाला. मागे बसलेली पोरगी शाळेच्या एक वळण आधीच "इथेच सोड" म्हणायला लागली. मैत्रिणींनी ऐकलं तर तिला शाळा बदलावी लागेल, असं तिचं म्हणणं. मी म्हणाले, उतर आणि चालत जा, माझे अजून दोन धवले व्हायचेत. उन्हाळ्यापर्यंत सगळं लग्न मला तोंडपाठ झालं. एक संपला की पुढचा आपोआप ओठावर यायचा, मध्ये विचारसुद्धा करावा लागत नव्हता.

मे महिन्यात लग्नसराईच्या ऐन भरात आजीचा घसा बसला. पाड्याजवळच्याच एका घरी नवरदेवाची हळद होती. आजीच्या सुनेचा फोन आला, "आय बोलती, तुमी या. पोरीलाबी आना." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, "लग्न आहे." "कोणाचं?" "माझं," म्हणणार होते, थोडक्यात वाचले. नवीन साडी नेसले. नवऱ्यानं स्वतःहून स्कूटर पुसून दिली. "या वेळी पूर्ण करून ये," एवढंच म्हणाला.

मांडव गच्च भरलेला. संध्याकाळी सहाला डीजे चालू होणार होता आणि त्याच्या आत हळद उरकायची म्हणून बायकांची नुसती घाई चालली होती. नवरदेव पाटावर बसलेला, मावश्या-आत्या हळदीची वाटी घेऊन तयार. आजी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसली. नवरदेवाची आई म्हणाली, "करा बाय सुरू."

सुरू करा म्हटल्यावर माणूस सुरुवातीपासूनच सुरू करतो. मी डोळे मिटले आणि रोज स्कूटरला चावी लावल्यावर जे पहिलं गाणं यायचं, तेच उचललं. आवाज लागला, आणि चांगला लागला. कुजबुज थांबली. मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्या कडव्याला कोणीतरी नाक ओढलं. तिसऱ्याला दोन-तीन हुंदके ऐकू आले. माझ्या गाण्यानं लोक रडतायत हे बघून मला इतका आनंद झाला की मी चौथं कडवं आणखी लांबवलं.

मांडीवर बुक्की बसली म्हणून डोळे उघडले. बुक्की आजीची होती. तिला बोलता येत नव्हतं, पण चेहऱ्यावर जे होतं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. समोर नवरदेवाची आई तोंडाला पदर लावून ओक्साबोक्शी रडत होती, कारण तिची स्वतःची लेक गेल्याच वर्षी सासरी गेली होती. तिचं बघून आत्या रडत होती. हळदीनं अर्धा पिवळा झालेला नवरदेव, आपण कुठे निघालो हे न कळून, डोळे पुसत होता. बाहेरून एक काका धावत आले, "काय झालं? कोन गेलं?" डीजेवाला वायरी हातात धरून दारातच थांबला. बहुधा कार्यक्रम रद्द झाला असं त्याला वाटलं.

मी पाठवणीचा धवला म्हटला होता. नवरदेवाच्या घरी, हळद लावताना.

गर्दीतून माझी पोरगी पुढे आली. "मम्मी, हे शेवटचं आहे," माझ्या कानात म्हणाली. मी म्हणाले, "पहिलं कुठलं?" मला खरंच आठवेना. साखळीचं एक टोक सुटलं आणि सगळी साखळी विहिरीत गेली. पोरीनं एकदा आजीकडे पाहिलं. आजीनं दोन्ही हात उचलून जात्याचा खुंटा फिरवल्यासारखं केलं. पोरगी माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि हळदीचा धवला म्हणायला लागली. आवाज लहान, थोडा शाळेतल्या प्रार्थनेसारखा, पण एकही शब्द अडला नाही. त्यापुढचाही म्हटला, आणि त्यापुढचाही. बायकांनी डोळे पुसले आणि नवरदेवाला उरलेली हळद फासायला घेतली. सहाच्या आत सगळं उरकलं.

परतताना सापगावला चहाला थांबलो तेव्हा तिनं माझा फोन उघडून दाखवला. "नवीन रेकॉर्डिंग वर येतं, मम्मी. तू सगळं खालून वर शिकलीस."

"मग इतके महिने मागे बसून ऐकत होतीस, सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला तसंच आवडतं."

"आणि तुला कसं पाठ झालं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तांदूळ पाखडताना," ती म्हणाली. "आजी शब्दांचे अर्थ पण सांगायची. तू फोन बघत होतीस."

घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "झालं पूर्ण?" मी म्हणाले, "झालं, पण माझ्याकडून नाही." तो हसला नाही. बूट मात्र माळ्यावरून खाली काढले, त्याचा अर्थ मला लगेच कळला आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी आजीची माफी मागायला गेले. तिचा आवाज थोडा परत आला होता. माझी माफी तिनं ऐकली की नाही कोण जाणे. पोरीला म्हणाली, "ये गो, हितं बस." आणि मला म्हणाली, "तू भायेर तांदूळ निवड. नि तो फोन चुलीपासून लांब ठेव, नायतर मीच टाकीन चुलीत." मी ओट्यावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. खरं सांगते, पोटच्या पोरीचा हेवा वाटला. सहा महिने पेट्रोल मी जाळलं, हेल्मेटमध्ये घसा मी फोडला, आणि मांडव मिळाला त्या पोरीला, जी नेटवर्क नाही म्हणून गप्प बसली होती. त्या दिवशी निवडलेल्या तांदळात खडे तसेच राहिले. आजीनं ते मला परत निवडायला लावले.

तुळशीचं लग्न झाल्यावर पुन्हा लग्नं सुरू झाली. आजीला निरोप आला की या वेळी ती शाळेतली पोरगीही आणा. या वेळी घर नवरीचं होतं. चाचणी परीक्षा दुसऱ्या दिवशी, म्हणून वही-पुस्तक घेऊनच गेलो. पोरगी आजीच्या शेजारी मांडवात बसली, मी मागे बायकांच्या रांगेत. आजीनं अर्धे धवले म्हटले, अर्धे तिच्यावर सोडले. पाठवणीच्या वेळी आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः गप्प बसली.

तो धवला मला सगळ्यात आधी पाठ झाला होता. शेकडो वेळा म्हटला असेल. पेट्रोलपंपावर, फाटकापाशी, डोक्यात डब्याचा हिशेब करत. त्यात पोरगी आईला विचारते की उद्या माझी वेणी घालणारे तुझे हात मोकळे राहतील, मग तू त्या हातांनी काय करशील. हा प्रश्न आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो विचारत होती माझी पोरगी, जिची वेणी मी सकाळी घाईत ओढून घातली होती. मी रडायला लागले. आधी हळू, मग आवरेना. नवरीची आई आपलं रडणं थांबवून मागे वळून बघायला लागली.

माझ्या पुढे बसलेल्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "ही कोन गो? नवरीची मावशी काय?"

"नाय गो," शेजारीण म्हणाली. "धवलारनीची आय हाय ती."