सायीची मींड

जुईनगरच्या ज्या क्लासमध्ये मी गाणं शिकवायचे, तिथल्या संचालकांना माझ्या उपमांची ॲलर्जी होती. परीक्षेत दूध नि साय विचारत नाहीत, असं ते मला ऑफिसात बोलावून सांगत. वर्गात पुन्हा स्वयंपाकघर आणलं तर शनिवारची बॅच दुसऱ्या कुणाला देऊ, हेही एकदा सांगून झालं. त्या बॅचवर माझा जीव होता, म्हणून मी जीभ आवरली. तर महिन्याभरातच सगळ्याजणी गजराच्या घड्याळासारख्या गायला लागल्या.

बॅचमध्ये घणसोली गावातली एक बाई होती, घरचं सगळं आवरून यायची. वरच्या 'सा'वरून खालच्या 'ध'वर आवाज न तोडता घसरत उतरायचं, त्याला मींड म्हणतात. तिची मींड जिना उतरल्यासारखी यायची. सुरुवातीला मी तिला डोंगरातला झरा सांगितला होता, कारण माझ्या गुरूंनी मला तोच सांगितला होता. तिने शांतपणे विचारलं, कुठला झरा? आता मला तरी कुठे माहीत होता! मग मी म्हटलं, तापवलेलं दूध साय मोडू न देता ओततेस ना, तसं. तिचा हात आपोआप कलला, आणि हाताबरोबर गळाही.

एका शनिवारी संचालक स्वतः वर्गात येऊन बसले. ती गायली, तर पुन्हा जिनाच. परत गायली, मध्येच अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझं डोकं सटकलं.

"पातेलं हळू कलव," मी म्हणाले, "दूध येऊ दे, पण साय फाटता कामा नये."

तिने डोळे मिटले. 'सा'वरून 'ध' कधी आला ते कळलंच नाही. सूर छान लागला हे संचालकांनी मान्य केलं, तरी नियम तो नियम म्हणाले. मी म्हटलं, ठेवा तुमचा नियम तुमच्यापाशी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची छोटी पेटी पिशवीत घातली आणि निघाले. पश्चात्ताप तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

पुढच्या शनिवारी बॅच घणसोली गावात, तिच्या घरी भरली. सगळ्याजणी आल्या होत्या. खोली एवढीशी, भिंतीला लागूनच ओटा. परक्या घरात मोठा आवाज कशाला, म्हणून मी हळू आवाजात शिकवत होते. तिने मला थांबवलं.

"बाई, हितं दूदपन हाय, पातेलापन हाय. तुमी मोठ्यानं बोला."