दाराबाहेरचा बाक

आमच्याकडं लेक माहेराला आली की तिच्यापुढं कुणी दुखण्याचा विषय काढत नाही. तिनं हलक्या मनानं सासरी परतावं, एवढंच. माझं सासर निपाणी, माहेर बेळगावात शहापूरला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. जन्मभर मागावर साड्या विणून त्यांच्या छातीत सुताची धूळ बसली होती. पण कसं वाटतंय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "निवांत हाय मी." गल्लीत दम लागला की दुकानातल्या साड्या बघत उभे राहायचे. जणू विकतच घ्यायच्या आहेत!

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक मुलगी प्रश्न विचारायची. छातीचा फोटो वेगळा, आजारात माणसाचे दिवस कसे जातात ते वेगळं, असं तिनं मागच्या खेपेला समजावलं होतं. ही उत्तरं बघूनच औषध बदलायचं का, ते डॉक्टर ठरवणार होते. म्हणून आप्पांना मी रिक्षातच बजावलं होतं, "आज खरं सांगायचं हं."

"आजोबा, जिना चढताना दम लागतो?"

"न्हाय."

"रात्री खोकल्यानं जाग येते?"

"छे! लई झोप लागती."

"आवडीचं काम दम लागतो म्हणून सोडावं लागलं काय?"

"न्हाय."

दम पुरत नाही म्हणून तर माग विकला होता. माझा पारा चढला. "आप्पा, जिन्यात किती वेळा थांबलासा, सांगा की!"

"चप्पल नीट करत होतो गं."

मुलीनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुम्ही थोडं भायेर बसता काय?"

पोटची लेक बाहेर आणि परकी पोरगी आत! मी धुसफुसत बाकावर जाऊन बसले. दाराला काच होती. आप्पा आधी मान खाली घालून बसले होते, मग बोलायला लागले. छातीवर हात ठेवला. माग चालवताना हलायचे तसे दोन्ही पाय हलवून दाखवले, आणि तेवढ्यानंच धाप लागून थांबले. मुलीनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते पुन्हा बोलत राहिले, मधेच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आई गेल्यापासून इतकं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ऐकू मात्र एक शब्द आला नाही.

औषध बदललं, श्वासाचे व्यायाम सुरू झाले, पुढचा हिवाळा बरा गेला. आत काय सांगितलंत, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. "काय न्हाय गं, मागाचं बोलत होतो," एवढंच म्हणाले. त्या मुलीनंही दाद दिली नाही.

आता आप्पा नाहीत. माझी लेक सुट्टीला पुण्याहून येते. परवा जेवताना तिनं विचारलं, "आई, गुडघे कसे आहेत गं?" म्हटलं, "निवांत." शब्द तोंडातून गेला आणि हातातला घास मी परत ताटात ठेवला. आप्पा आत काय बोलले ते मला आता कळलं नाही तरी चालेल. त्या बाकावर एकदा बसायला मिळावं, काचेपलीकडं ते बोलत असावेत आणि मला कुणी आत बोलावू नये.