दुखणं गालातच होतं

दौलत मास्तर गेल्याची बातमी मला नंदुरबारच्या बाजारात कळली. रनाळ्याचा एक ओळखीचा माणूस मिरच्यांचं पोतं गाडीतून उतरवता उतरवता म्हणाला, "तुमना दौलत मास्तर गया. बायकोना दुखमा झुरी झुरी गया बिचारा." मित्र गेला याचं दुःख झालंच. पण त्याच्याही आधी संताप आला, हे कबूल करतो. आठवड्याने शाळेत शोकसभा झाली, तिथेही तेच. एक वक्ते म्हणाले, "मास्तरांचं शरीर धडधाकट होतं, दगा दिला तो मनाने." समोरच्या माना डोलल्या. मी उठून बाहेर आलो. मेलेल्या माणसाच्या नावाने भरलेल्या सभेत भांडण करणं मला जमलं नाही... म्हणून आता, महिन्याभराने, हे लिहितो आहे.

मी निवृत्त होऊन नंदुरबारला येईपर्यंत रनाळ्याच्या शाळेत आम्ही दोघं बारा वर्षं एकत्र होतो. मी गणित शिकवायचो, तो भाषा. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी परकी वाटायची. दौलत ती त्यांच्या जिभेवर अशी आणून ठेवायचा, की शेतावरून परतणारी माणसंसुद्धा खिडकीशी घटकाभर थांबत. त्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा आवाज. दुखण्याने नेमका तोच धरला.

सुरुवात कधी झाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी गाडीत होतो. सारंगखेड्याची यात्रा करून आम्ही बैलगाडीने परतत होतो. वहिनी होत्या, त्याची बहीण गंगाबाई होती. घोडे पाहून झाले होते, खाऊ घेऊन झाला होता, आणि दौलत एका व्यापाऱ्याची नक्कल करून आम्हाला हसवत होता. तेवढ्यात समोरून गार वारा आला. त्याने एकदम उजवा गाल धरला, डोळे मिटले आणि तो दगडासारखा बसून राहिला. पाच-सहा श्वास घेण्याइतका वेळ. मग म्हणाला, "कोनी तापेल सुई खुपसी काय रे?" आम्ही हसलो. वहिनीही हसल्या... त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या आणि तीन दिवसांच्या तापाने गेल्या. म्हणजे दुखणं आधी आलं, मरण नंतर. हा क्रम मी किती जणांना सांगितला असेन! लोक ऐकून घेत आणि म्हणत, "हो, पण बायकोवर फार जीव होता त्यांचा."

त्या दोन वर्षांत दुखणं वाढतच गेलं. दाढी करताना वस्तरा लागला की कळ, चूळ भरली की कळ, भाकरीचा तुकडा चावला की कळ. आधी एक दाढ काढली, मग दुसरी, मग उजव्या बाजूच्या सगळ्या. वहिनी गेल्यावर आम्ही त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस सौम्य होता, शिकलेला होता, टेबलावर जाड इंग्रजी पुस्तकं होती. त्यांनी कान पाहिला, घसा पाहिला, घरची विचारपूस केली आणि वहिनींचं नाव निघताच त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर, तुमच्या गालात काही दोष नाही. तुम्ही पोटभर रडला नाहीत, ते दुःख गालातून बोलतं आहे." आपल्याला जे दिसत नाही ते तिथे नाहीच, हे एवढ्या गोड आवाजात सांगता येतं, ते मी तेव्हा पाहिलं.

ते वाक्य गावभर झालं. हेडमास्तर त्याला भजनाला बसायला सांगू लागले, शेजारी दुसऱ्या लग्नाचं सुचवू लागले. आणि मी? मीही एकदा शाळेच्या पायरीवर म्हणालो, "दौलत, मन रमाड ना जरा." बोलताना कळ येऊ नये म्हणून तो ओठ न हलवता बोलत असे. तसाच बोलला, "मी तिन्हाकरता रडनू, ते खरं शे. मन्हा गाल दुखस, तेबी खरं शे. दोन्हीसना एक काला कशाले करतस तुम्ही?" त्याचं दुखणं तर आम्ही खोटं ठरवलंच होतं; पण त्याचा शोकसुद्धा त्याच्याकडून काढून घेऊन औषधाच्या चिठ्ठीत घातला होता. मला आजही त्या पायरीची लाज वाटते.

माझा एक मावसभाऊ मुंबईला एका इस्पितळात कंपाउंडर होता. त्याच्या ओळखीने मी दौलतला तिकडे नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी घरची एकही गोष्ट विचारली नाही. नाकपुडीशेजारी बोट नुसतं टेकवलं, दौलत कळवळला. ते म्हणाले, "हा चेहऱ्याच्या नसेचा रोग. जुना आहे, आमच्या ओळखीचा आहे." त्यांनी गालातून खोल सुई घालून नस बधिर केली. गाल लाकडासारखा झाला आणि कळ थांबली. परतताना नवापूरच्या स्टेशनात गाडी उभी असताना त्याने फडक्यातली भाकरी सोडली, लसणाच्या चटणीशी खाल्ली, सावकाश चावून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाला, "हाई रडनं त्या डॉक्टरले दाखाडजो."

तो वर्षभर बरा होता. वर्गात पुन्हा त्याचा आवाज घुमला. आणि आमचे शहरातले डॉक्टर काय म्हणाले असतील? "मुंबईच्या माणसावर विश्वास बसला, म्हणून मनाने दुखणं सोडलं." वर्षाने नस जागी झाली, कळ परत आली, तेव्हा म्हणाले, "बघा, मूळ मनातच होतं." बरं झालं तरी मन, उलटलं तरी मन! मी जन्मभर गणित शिकवलं. कोणतंही उत्तर आलं तरी बरोबरच ठरतं, असं गणित मला कुठे भेटलं नाही. माणूस दुःखाने खंगतो, हे मलाही कळतं. पण दुःख झालेल्या माणसाला दुसरा रोग होतच नाही, असं कोणी ठरवलं?

पुन्हा मुंबईला जायला त्याने रजा मागितली. अर्जाला त्याच डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला. दाखल्यात लिहिलं होतं, रोग मानसिक आहे, कामात गुंतवून ठेवावं. रजा नामंजूर झाली. मी वरच्या कचेरीत दोनदा जाऊन आलो. साहेबांनी तो दाखला माझ्याच पुढे सरकवला. तोवर त्याचं खाणं पातळ वरणावर आलं होतं. बंडीच्या बाहेर हाडं दिसू लागली. थंडीत खोकला झाला, ताप चढला, आणि लढायला अंगात काही उरलेलंच नव्हतं. तो बायकोच्या दुःखाने गेला नाही. तो उपाशी राहून गेला, कारण त्याला चावता येत नव्हतं. आणि उपाय माहीत असूनही तो त्याला मिळाला नाही, कारण आम्ही शहाण्यांनी त्याचं दुखणं त्याच्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं.

परवा मी रनाळ्याला गेलो. वहिनी गेल्यापासून त्याचं घर गंगाबाईच बघायची. तिला अक्षरओळख नाही. त्याचं का दुखतं, याबद्दल इतक्या वर्षांत तिने एकदाही मत दिलं नव्हतं. तिने चहा केला, पितळी पेला पाटावर ठेवला, वर झाकण घातलं आणि समोर बसून राहिली. बराच वेळ गेला. मग झाकण काढून तिने पेल्याला बाहेरून हाताची पाठ लावून पाहिली आणि तो माझ्यापुढे सरकवला. चहा कोमट होता, ना गरम ना गार. तिच्याही ते लक्षात आलं. ती पेला परत घ्यायला उठली, "थांबा भाऊ, दुसरा करस... माले तशीच सवय लागेल शे. गरम-गार लागनं का त्याले दुखे."

मी पेला दिला नाही. तसाच, कोमटच, प्यालो.