महादेवप्पाच्या फडताळातली कणसं

शुक्रवार पेठेत कुजबुज होती, की महादेवप्पानं काम देणाऱ्या शेठची डिझाइनं दुसऱ्या कारखान्याला विकली आणि गौरम्माच्या हातातल्या नव्या पाटल्या त्यातूनच आल्या. पेठेचं असंच. तिला पाटल्या दिसतात, पाटल्यांचा मुलामा दिसत नाही.

महादेवप्पा चादरी-टॉवेलांचा डिझाइन मास्तर. चाळीस वर्षं एकच नेम: एका मालकाचं डिझाइन दुसऱ्याला दाखवायचंसुद्धा नाही. त्या शब्दावर त्याची चूल पेटायची. साठी उलटली आणि जुन्या कागदांना वाळवी लागली, तेव्हा त्यानं लेकीचा टाकून दिलेला कॉम्प्युटर उघडला, धूळ झटकली, दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून त्याचा घरचा सर्व्हर केला. पडदा नाही, कीबोर्ड नाही. फडताळात नुसता गुणगुणणारा डबा. घरच्या वायफायवर फोन जोडून पासवर्ड टाकला, की चाळीस वर्षांची डिझाइनं तळहातावर.

"सवतीला फडताळ दिलंय, मला डबं ठेवायला जागा न्हाय," गौरम्मा म्हणायची.

"सवत तरी गप बसती की."

खंडेनवमीला त्यानं पट्टी-पेन्सिल मांडली, सर्व्हरला हळदकुंकू लावलं आणि पासवर्डची चिठ्ठीही पुढं ठेवली. किल्लीवाचून कुलपाची पूजा पुरी होते का? आणि पूजा मांडली, ती दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही घरची रीत.

दसऱ्याला सोनं द्यायला सिद्धनाथ आला. महादेवप्पाच्या डिझाइनांवरून मागावर नक्षी उमटवणारे भोकांचे पुठ्ठे पाडणारा, तीस वर्षांचा जोडीदार. आपट्याची पानं दिली, गळाभेट झाली. गौरम्माचा चहा उकळेपर्यंत सिद्धनाथ फडताळासमोर फोनवर बोट फिरवत बसला.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत महादेवप्पाला एक टॉवेल दिसला. काठावर जोंधळ्याची कणसं. हे डिझाइन त्यानं कुणालाच दिलं नव्हतं. ते फक्त सर्व्हरवर होतं, तेही अर्धवट. तिसरं कणीस चुकून उलटं पडलं होतं, सुधारायचं राहिलं होतं. टॉवेलवरही तिसरं कणीस उलटंच.

घरी येऊन त्यानं सर्व्हरची नोंद उघडली. कुठला फोन कधी आत आला, सगळं त्यात असतं. दसरा, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं: सिद्धनाथचा फोन.

तो तसाच सिद्धनाथच्या दारात गेला.

"सिद्ध्या, काय काय नेलंस?"

"सगळंच की," सिद्धनाथ हसला. "भावाच्या घरात चोरी आसती व्हय? फडताळात सडलीच आसती कणसं."

"मला इचारायचं हुतंस."

"इचारल्यावर दिली आसतीस?"

नसती दिली. महादेवप्पा दारातूनच परत फिरला.

आठवड्यात शेठनं महादेवप्पाचं काम बंद केलं; शेठचीही डिझाइनं दुसऱ्या कारखान्याच्या मालावर निघाली होती. महादेवप्पानं त्याच्यापुढं ती नोंद धरली. शेठनं चष्मासुद्धा लावला नाही.

"मास्तर, डबा तुमचा, नोंद बी तुमचीच. पेठ काय बोलतीय, ते मला सिद्धनाथनं कवाच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुमीच इकलीसा म्हणून."

महादेवप्पानं पुढं धरलेली नोंद मागं घेतली.

डिझाइनं सिद्धनाथनं विकली. महादेवप्पानं विकली, ही आवईही त्यानंच उठवली.