तिसऱ्या खिडकीखालची भेग

आदिलाबादजवळ हायवेवर एका हॉटेलवाल्याने जुनं विमान आणून ठेवलं. प्रवासी जेट विमानांच्या अगदी पहिल्या पिढीतलं, कुठल्याशा विमानतळाच्या कडेला वर्षानुवर्षं गवतात पडून असलेलं. पंख कापून ट्रेलरवरून आलं. आता त्यात वाढदिवस साजरे होणार होते. आमच्याकडून कुठे उडून जाण्याची सोय नाही, पण विमानाच्या उद्घाटनाचे फ्लेक्स मात्र इंद्रवेल्लीपर्यंत लागले होते.

माझ्या मामांची सगळी नोकरी विमानांचा पत्रा तपासण्यात गेली. आता ऐंशी ओलांडलेले मामा आमच्याकडेच असतात. हॉटेलवाल्याला सत्कारासाठी असा माणूस हवाच होता. उद्घाटनाच्या सकाळी मी त्यांना घेऊन गेलो.

दाराशी ठोकलेल्या पाटीवरचा नंबर वाचून मामा थांबले. मग बाहेरून चालत तिसऱ्या खिडकीखाली गेले आणि पत्र्यावर बोट ठेवलं. तिथे एक लहान गोल भोक होतं.

त्यांनी मला समजावलं. दर उड्डाणात विमानाचं पोट फुगतं, उतरल्यावर बसतं. विमान म्हातारं होतं ते त्यानं, वर्षांनी नाही. पत्र्याला भेग पडली की तिच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. हे भोक त्यांनीच पाडलं होतं. पुढच्या तपासणीत पत्रा बदला, असं लिहून उड्डाणाला परवानगीची सही केली होती.

पत्रा कोणी बदलला नव्हता. आणि भेग भोकाच्या पलीकडे वीतभर गेली होती.

"मामा, तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यले?" हॉटेलवाला म्हणाला. "आता हे उडणार हाय का?"

"तुमचं नाही उडणार. माझं उडालं ना."

भेग ट्रेलरवरच्या धक्क्यांनी वाढली असेल तर काहीच बिघडलं नव्हतं. पण आकाशात वाढली असेल, तर हे विमान माणसांनी भरून कित्येकदा मामांच्या सहीवर उडालं होतं. कळायला मार्ग सोपा होता. भोकापलीकडच्या भेगेच्या आत विमान कंपनीचा जुना निळा रंग उतरलेला असेल, तर ती उडत्या काळातली. वरची धूळ खरवडली की दिसलं असतं. खिशातली छोटी सुरी मामांनी काढलीही.

तेवढ्यात पेंटर रोलर घेऊन आला. "तात, जरा सरका. पुढारी येऊन राह्यले."

पेंटर थांबला असता. मी तसं म्हणणार होतो. मामांनी सुरी मिटली आणि बाजूला झाले. पांढरा रंग दोन फटक्यांत बसला.

दुपारी मंचावर निवेदकाने सांगितलं, यांच्या हातून गेलेलं एकही विमान कधी पडलं नाही. टाळ्या झाल्या. मामांनी शाल घेतली, बोलायला नकार दिला.

घरी येताना मी विचारलं, "बघितलं काऊन नाही?"

"ऐंशी ओलांडली," ते म्हणाले, "मला आता कोणी पत्रा बदलून देणार आहे का?"

शाल त्यांनी गाडीतच ठेवली. अजून तिथेच आहे.