खोडरबर बाई

बोटीच्या धक्क्याला लागून एक पत्र्याचं वाचनालय आहे. चार कपाटं आणि त्यात चारशे रहस्यकथा, दुसरं काही नाही. बेटावर सुट्टीला आलेली माणसं पुस्तकं वाचून मागंच टाकून जायची. ती गोळा करता करता वाचनालय झालं. ते चालवणाऱ्या बाईला सगळं बेट ‘खोडरबर’ म्हणतं. परत आलेलं पुस्तक ती पान न्‌ पान चाळायची. पेन्सिलीची रेघ दिसली की आधी खोडायची, मग रेघ मारणाऱ्याचा उद्धार करायची.

सगळ्यात जास्त खोडावं लागायचं नवऱ्याचं. तो फेरीबोटीवर इंजिनवाला. घरात पैज असायची: पुस्तक आधी त्यानं वाचायचं, मग हिनं, आणि चोर ज्याला उशिरा सापडेल त्यानं भांडी घासायची. त्याला कुणाचा संशय आला की त्या नावाशेजारी तो छोटासा गळ काढायचा, मासा धरायचा असतो तसा. गडी इंजिनात हुशार, पण चोराच्या बाबतीत साफ आंधळा. लोक त्याचा गळ बघून म्हणायचे, हा तर सुटला, आता दुसरा शोधा. म्हणूनच बाई खोडायची. पुढच्याची मजा जाते, म्हणायची. भांडी जन्मभर त्यानंच घासली.

मागच्या वर्षी इंजिनाजवळ बसल्या बसल्या तो गेला. हातात पाना होता म्हणे.

बाई रडली ती चारचौघांइतकीच. मग महिन्याभरानं तिच्या ध्यानात आलं की त्याच्या हाताचं काहीच घरात नाही. पत्रं कधी लिहिली नव्हती, लांब राहायची वेळच आली नाही. बोटीच्या वहीतल्या सह्या रद्दीत गेल्या होत्या. मग ती कपाटांपुढं बसली. एक गळ सापडला तरी पुरे, एवढंच तिचं म्हणणं. चार महिने लागले. चारशे पुस्तकं झाली आणि एक गळ मिळाला नाही. तिचं काम कधीच कच्चं नसायचं.

शेवटी वाचनालयाची देवघेवीची वही चाळताना एक नोंद दिसली. एका म्हातारीचा पोपट बेटावरच्या हॉटेलातून नाहीसा होतो, त्याची गोष्ट. नवऱ्यानं वाचली, आणि हिच्या हाती यायच्या आत सलूनवाला घेऊन गेला. आठ वर्षं झाली, परत आणलंच नाही. त्यावरून बाईनं सलूनवाल्याशी बोलणं टाकलं होतं. तो तसा नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त, पण पुस्तकापुढं तिनं कुणाची गय केली नाही.

त्या दिवशी तीच सलूनच्या दारात गेली. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून तो पुढं आला. ओशाळला. पुस्तक घरी आहे, उद्या स्वतः आणून देतो, म्हणाला. का हवंय ते तिनं सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पुस्तकाला नवं खाकी कव्हर. कोपरे सरळ केलेले.

“वहिनी, आठ वर्षांचा गुन्हा आहे, पण माल चोख आणलाय,” तो म्हणाला. “पेन्सिलीचा एक ठिपका ठेवला नाही. रबरानं कागद फाटतो म्हणून पावाच्या गरानं पुसलं. बायकोनं अर्धं, मी अर्धं. तुम्ही आता बोट ठेवून दाखवा.”

बाईनं पुस्तक घेतलं. पानं उलटली. दारातल्या उजेडात एकेक पान तिरकं धरलं. एकेचाळिसाव्या पानावर माळ्याच्या नावाशेजारी कागद जरासा दबलेला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

“इथं काय होतं, भावजी?”

त्यानं वाकून पाहिलं. “ती माझी फुली. मला माळीच वाटला होता.”

“आणि त्यांचा गळ?”

“होता की. दोन-तीन जागी होता. कुठं ते आता नाही सांगता येणार.” तो हसला. “आधी तेच पुसले. म्हटलं, वहिनी त्यांनाच जास्त चिडायच्या.” मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. “चुकलं का काही?”

“नाही,” बाई म्हणाली. “बरं केलंत. स्वच्छ झालंय.”

तिनं वहीत तारीख घातली. पुस्तक कपाटात ठेवलं आणि दुसरं काढून त्याच्या हातात दिलं. तो घाईघाईनं म्हणाला, यात एक रेघ मारणार नाही, पोरांची शपथ.

“मारा,” बाई म्हणाली.

तिनं टेबलावरची पेन्सिल उचलून पुस्तकात घातली, आणि पोपटाचं पुस्तक पुन्हा खाली काढून पहिल्या पानापासून तिरकं धरायला लागली.